दाराशेजारचा कागद: एका घराच्या काटकसरीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच घराचं आहे. माणसं पाच. मी, नवरा, 14 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो. कमावणारे दोघं. पगार वेळेवर होतात, डोक्यावर मोठं संकट नाही, व्यसन नाही. तरीही महिन्याच्या 24-25 तारखेला खातं कोरडं पडायचं आणि पैसे नक्की कुठे गेले हे दोघांपैकी एकालाही सांगता यायचं नाही. बहुतेक घरांत परिस्थिती साधारण अशीच असते, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात वॉशिंग मशीन बंद पडण्यापासून झाली. 11 वर्षं वापरलेलं यंत्र होतं, दुरुस्तीत अर्थ नव्हता. नवीन घ्यायला दोन पगारांच्या घरात हाताशी रक्कम नव्हती. क्रेडिट कार्डावर घेतलं आणि दरमहा फक्त किमान रक्कम भरत राहिलो. कार्डाचं व्याज महिना 3 टक्के होतं. कानाला हा आकडा लहान वाटतो, पण चक्रवाढीने तोच वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातो. मी ही आकडेमोड एका रात्री कागदावर केली तेव्हा मला खरोखर धडकी भरली. आम्ही गरीब नव्हतो. आम्हाला आमच्याच घराचा पत्ता नव्हता.

## आधीचे तीन प्रयत्न

काटकसर आम्ही पहिल्यांदा करत होतो असं नाही. त्याआधी तीनदा सुरू करून तिन्ही वेळा सोडली होती. एकदा मी वर्षभराचं अंदाजपत्रक मांडलं, 22 रकान्यांचं. एकदा एका कुटुंबाने वर्षभर काहीच नवीन विकत घेतलं नाही अशी हकिकत वाचून भारावून गेले आणि घरात तसाच नियम केला. तिसऱ्या वेळी फ्रीजवर सुविचार चिकटवले, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ वगैरे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे फार तर अठरा झाले.

तेव्हा मी याचं खापर चिकाटीवर फोडायची. आपण आरंभशूर आहोत, मनाने कच्चे आहोत असं वाटायचं. आज मला ते चुकीचं वाटतं. तिन्ही वेळा प्रेरणा बाहेरून आणलेली होती आणि बाहेरून आणलेली प्रेरणा आणली त्या दिवशी सगळ्यात ताजी असते, मग रोज थोडी शिळी होत जाते. घरात केलेल्या कष्टाचं फळ मात्र दिसायचं महिनाअखेरीला, बिल आल्यावर. तेही एका आकड्यात गोळाबेरीज होऊन. त्या आकड्यातून कोणत्या दिवशी कोणी काय बरं केलं हे कळायला काही मार्गच नव्हता.

हे माझ्या लक्षात आणून दिलं मुलीने, भांडणात. विजेचं बिल हातात घेऊन मी सगळ्यांना फैलावर घेत होते. ती म्हणाली, “आई, तू बिल वाचून रागावतेस. पण काय केलं की कमी होतं ते आम्हाला कुठे दिसतं?”

मी त्या वेळी उत्तर दिलं नाही. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

## मीटर आणि कागद

अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ डोनेला मेडोज यांनी सांगितलेला एक किस्सा आहे. ॲम्स्टरडॅमजवळच्या एका वसाहतीत सगळी घरं एकसारखी बांधलेली होती. काहींचा विजेचा मीटर तळघरात होता, काहींचा पुढच्या दारातल्या बोळात, येता-जाता दिसेल असा. मीटर दारात असलेल्या घरांचा विजेचा वापर सुमारे एक तृतीयांश कमी निघाला. दर तोच, घरं तीच, माणसंही साधारण तशीच. फरक एवढाच की मीटरची फिरणारी चकती डोळ्यांसमोर होती. या किश्श्यावर सगळा भार टाकायचं कारण नाही. पण ऊर्जावापराच्या अभ्यासक सारा डार्बी यांनी 2006 मध्ये अशा प्रयोगांचा जो आढावा घेतला, त्यातही वापर लगेच आणि थेट दिसला तर 5 ते 15 टक्के बचत होते असं दिसून आलं होतं. आकडा एक तृतीयांशापेक्षा बराच लहान आहे, पण दिशा तीच आहे.

आमचा मीटर दाराबाहेरच्या पेटीत आहे. आम्ही दाराच्या आतल्या बाजूला एक कोरा कागद चिकटवला, बाजूला दोरीला पेन बांधलं. रोज रात्री 11 ला आणि सकाळी 6 ला आकडा लिहायचा. बस, एवढंच. कोणी कोणाला बोलायचं नाही हा नियम मुलीने घातला आणि तो मी पाळायचा होता.

7 तासांचा आकडा का घेतला ते सांगते, कारण सगळी मेख त्यात आहे. दिवसभराच्या वापरात शंभर गोष्टी मिसळतात. रात्री मात्र घर झोपलेलं असतं. तेव्हा जे काही जळतं, ते कोणाच्याही उपयोगाचं नसताना जळतं. याला अपवाद फक्त फ्रीजचा.

पहिल्या रात्री 0.90 युनिट गेलं. एक युनिट म्हणजे 1000 वॉटचं उपकरण एक तास चालणं. म्हणजे आम्ही सगळे झोपलेले असताना घर सरासरी 129 वॉट खात होतं. मुलगा आ वासून म्हणाला, “पण आपण तर काहीच लावलं नव्हतं!” त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. तीन वर्षांच्या माझ्या उपदेशाने जे झालं नव्हतं ते त्या एका आकड्याने झालं. त्याला चोर शोधायचा होता.

दुसऱ्या रात्री टीव्ही, त्याचा सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटर, स्पीकर आणि चार्जर असलेला एक्स्टेंशन बोर्ड त्याने स्वतः बंद केला. आकडा 0.78 वर आला. 7 तासांत 0.12, म्हणजे 17 वॉटच्या आसपास. हा वापर रात्रीपुरता नसतो, यंत्रं नुसती जागी राहण्यासाठी चोवीस तास वीज खात असतात. वर्षाचे तास 8,760. 1 वॉट वर्षभर चालला तर 8.76 युनिट होतात आणि 17 वॉट म्हणजे जवळपास 150 युनिट. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 1999 मध्येच सुचवलं होतं की अशा स्वस्थ अवस्थेतल्या उपकरणाने 1 वॉटपेक्षा जास्त खाऊ नये. नव्या उपकरणांत खूप सुधारणा झाली आहे, पण आमच्या बोर्डावरची यंत्रं जुनी होती.

तिसऱ्या रात्री गिझर बंद केला आणि आकडा धाडकन 0.33 वर आला. उरलेला हा फ्रीज.

गिझरचं बटण आमच्याकडे बंद होतच नसे. पाणी तापलं की तो आपोआप थांबतो, मग बंद कशाला करायचा, अशी सगळ्यांची समजूत. पण टाकीतलं पाणी हळूहळू थंड होतं, गिझर ते पुन्हा तापवतो, पुन्हा थंड होतं. 2000 वॉटचा गिझर दिवसभरात तुकड्यातुकड्याने अर्धा तास जरी चालला तरी एक युनिट गेलं. ज्या पाण्याने कोणी हातसुद्धा धुतला नाही त्या पाण्यासाठी.

## ठिबकणारा नळ

तरी 0.45 हा आकडा नवऱ्याला पटेना. टाकीला चांगलं आवरण आहे, एवढी उष्णता जाणार नाही, असं त्याचं म्हणणं. तो बाथरूममध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याला आवाज ऐकू आला. नळ ठिबकत होता. कित्येक महिन्यांपासून ठिबकत असणार, कारण फरशीवर पिवळसर डाग पडलेला होता, आणि तो डाग मी दर आठवड्याला घासत होते. घासत होते, पण वर पाहत नव्हते.

ठिबकत होता तो गरम पाण्याचा नळ.

रात्री बादली खाली ठेवली. 8 तासांत 3 लिटर पाणी. दिवसाला 9 लिटर, वर्षाला 3,285 लिटर. आणि जेवढं गरम पाणी ठिबकून जातं तेवढंच थंड पाणी टाकीत शिरतं आणि तापवलं जातं. 1 लिटर पाण्याचं तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवायला 4.186 किलोज्यूल लागतात, आणि एक युनिट म्हणजे 3,600 किलोज्यूल. 3 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला 0.12 युनिट. गिझर चोवीस तास चालू, नळ चोवीस तास ठिबकता, म्हणजे वर्षाकाठी 130 च्या वर युनिट एका नळातून. मुलीने हे गणित स्वतः करून दाखवलं. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला विशिष्ट उष्मा त्या रात्री आमच्या बाथरूममध्ये उतरला होता.

दुरुस्ती काय लागली? नळाच्या आतला रबरी वॉशर. नखाएवढी चकती. वरून पाण्याचा पुरवठा बंद करायचा, नळाचं डोकं उघडायचं, कडक झालेला वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. नवऱ्याला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा पान्याचं माप जुळवण्यात गेली.

मी मुद्दाम इतकं सविस्तर सांगते आहे. काटकसरीच्या सल्ल्यांत ‘गळके नळ दुरुस्त करा’ ही ओळ मी पन्नासदा तरी वाचली असेल. ती वाचून मी कधीही उठून नळाकडे गेले नाही. त्या रात्री मात्र चौघं जण बादलीभोवती उभे होतो.

## बाबांची अंधारी खोली

दुसऱ्या महिन्यात एक चूक झाली, आणि तिला मी जबाबदार आहे. आकडा कमी होण्याची चटक लागली. मुलं दिवे बंद करत घरभर फिरायला लागली आणि मी त्यांना शाबासकी देत होते. एके रात्री पाणी प्यायला उठले तर बाबा भिंतीला हात लावत, अंधारात चाचपडत बाथरूमकडे चालले होते. मी दिवा लावला. ते ओशाळून म्हणाले, “अगं, आकडा वाढतो ना. पोरं सकाळी बघतात.”

मला फार लागलं ते. 78 वर्षांचा माणूस अंधारात पडला असता तर हाड मोडलं असतं, आणि ते कशासाठी? 9 वॉटचा एलईडी दिवा रात्री दहा मिनिटं लागला तर 0.0015 युनिट होतं. आमच्या मीटरवर दशांशाचे दोनच आकडे दिसतात, त्यात ते उमटतसुद्धा नाही.

त्या दिवसापासून कागदाच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं: बाबांचा उजेड, औषधं, अभ्यास, यात बचत नाही. काटकसर आणि चिकटपणा यांत फरक काय, हे मला त्याआधी शब्दांत सांगता आलं नसतं. घरातला सगळ्यात अबोल माणूस त्याची किंमत मोजत असेल, तर तो चिकटपणा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं तक्रार करत नाहीत, आपली गरज गुपचूप आवरून घेतात. आकडे मांडणाऱ्या घराने याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे. बाबांच्या वाटेवर आम्ही हालचालीने लागणारा छोटा दिवा बसवला. तो त्यांना इतका आवडला की आल्यागेल्याला दाखवत होते.

## स्वयंपाकघर

मीटरचा कागद महिनाभर चालल्यावर मुलगी म्हणाली, आता फेकलेलं अन्न मोजू. मी का कू केलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, कारण स्वयंपाकघर माझ्या हातात होतं आणि तिथला आकडा माझा असणार होता.

नियम असा ठरला की सालं, देठ, बिया, चहाचा चोथा मोजायचा नाही. जे खाण्याजोगं होतं आणि आमच्या हलगर्जीपणामुळे गेलं तेवढंच एका डब्यात टाकायचं आणि रविवारी वजन करायचं. पहिल्या आठवड्यात 2.9 किलो भरलं. जवळजवळ तीन किलो! संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांत गेलं, माणशी वर्षाला 79 किलो. त्यात साल-देठही धरलेले आहेत, त्यामुळे आमच्या आकड्याशी थेट तुलना होत नाही. पण हॉटेलं आणि दुकानांपेक्षा घरंच जास्त अन्न फेकतात हे वाचून मी बराच वेळ डब्याकडे बघत बसले.

डब्यात काय होतं ते महत्त्वाचं. मी समजत होते की नासकी फळं आणि भाजी असेल. निम्म्याच्या वर निघालं शिजवलेलं अन्न, डब्यात भरून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवलेलं. ठेवताना आपण उधळपट्टी केली नाही असं समाधान मिळतं आणि चार दिवसांनी तेच फेकलं जातं. अपारदर्शक डबे, खोल कप्पा, पुढे नवीन सामान. फ्रीजमध्ये जे दिसत नाही ते घरात नसल्यासारखंच.

उपाय साधे होते. उरलेलं अन्न फक्त पारदर्शक डब्यात, झाकणावर चिकटपट्टीने तारीख, आणि नजरेसमोरचा कप्पा पूर्ण त्यासाठी मोकळा. त्या कप्प्याला मुलाने ‘आधी मी’ असं नाव दिलं. खरेदीच्या आदल्या दिवशी नवीन काही शिजवायचं नाही, त्या कप्प्यातलं संपवायचं. पिकणारी फळं पालेभाजीपासून लांब ठेवायला लागलो, कारण फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं दोन्ही एकाच कप्प्यात कोंबत होते आणि भाजी टिकत नाही म्हणून विक्रेत्याला दोष देत होते.

एक फसलेला प्रयोगही सांगते. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, म्हणून तीन महिन्यांचं सामान एकदम भरलं. 20 टक्के सवलत होती. पण साठा मोठा दिसला की हात सैल सुटतो, आणि शिवाय त्यातलं एक तृतीयांश खराब झालं किंवा किडलं. 100 च्या जागी 80 मोजले आणि वापरलं दोन तृतीयांशच. वापरलेल्या मालाचा भाव काढला तर जवळपास 120 पडला, म्हणजे सवलत घेऊन आम्ही पाचव्या हिश्श्याने महाग घेतलं. तेव्हापासून घाऊक फक्त साबण आणि असंच न नासणारं सामान.

दहाव्या आठवड्यापर्यंत वजन 800 ग्रॅम ते एक किलोमध्ये स्थिरावलं. त्याखाली ते आलं नाही आणि मी त्यासाठी हट्टही धरला नाही.

## वही, आणि वाचलेल्या पैशाची जागा

तिसऱ्या महिन्यात मला एका गोष्टीने कोड्यात टाकलं. युनिट कमी, फेकलेलं अन्न कमी, किराण्याचं बिल कमी. तरी खात्यात शिल्लक तेवढीच. वाचलेले पैसे वाटेतच कुठेतरी जिरत होते.

नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी माणसाच्या मनातल्या खातेवहीबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. पैसा सारखाच असला तरी आपण त्याला मनात वेगवेगळ्या पेट्यांत ठेवतो आणि पेटीप्रमाणे खर्च करतो. आमच्या वाचलेल्या पैशाला पेटीच नव्हती. तो खर्चाच्याच खात्यात पडून राहायचा, आणि खात्यात शिल्लक दिसली की एखादी लहानसहान खरेदी व्हायची. खर्च कमी करणं आणि पैसे साठवणं या दोन वेगळ्या कृती आहेत हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

मग रविवारची पद्धत बसवली. आठवड्यात जे वाचलं त्याचा अंदाज काढायचा आणि तेवढी रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची, कितीही छोटी असो. त्या खात्याचं नाव ‘मशीन’. आधी त्यातून कार्डाचं देणं फेडायचं आणि मग पुढच्या बंद पडणाऱ्या यंत्रासाठी साठवायचं. नाव दिल्याने फार फरक पडला. बचत म्हटलं की कोणालाच काही वाटत नाही. मशीन म्हटलं की मुलालाही कळतं.

याच सुमारास हाताने खर्च लिहायला लागलो. जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने 1904 मध्ये घरखर्चाच्या वहीची पद्धत रूढ केली, तिला काकेइबो म्हणतात. आज ती पाळणारे बहुतेक जण चारच रकाने करतात: गरजेचं, हौसेचं, शिकण्या-वाचण्याचं आणि अचानक आलेलं. माझे 22 रकाने कुठे आणि हे चार कुठे! फोनवर आपोआप नोंद ठेवणारी साधनं आहेत, मी वापरलीही होती. पण हाताने लिहिताना लेखणी काही ठिकाणी अडखळते, ते अडखळणं उपयोगाचं असतं.

अशीच एकदा अडखळली. बँकेचं तीन महिन्यांचं विवरण वहीत उतरवताना सात ओळी पुन्हा पुन्हा येत होत्या, दरमहा आपोआप कटणाऱ्या रकमा. सातपैकी चार कशाच्या हे आम्हा दोघांना आठवेना. एक व्यायामाच्या वर्गाची होती, तिथे मी शेवटची दोन वर्षांपूर्वी गेले होते. दुसरी, मुलीच्या शाळेच्या एका प्रकल्पासाठी महिनाभर घेतलेली सेवा. उरलेल्या दोन नवऱ्याच्या. त्या संध्याकाळी तासाभरात चारही बंद केल्या. त्या एका तासाने वर्षभराच्या विजेच्या बचतीपेक्षा जास्त पैसे वाचवले.

हे मान्य करायला मला जड गेलं नाही, उलट या प्रकरणातला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पैशाच्या हिशोबात वीज अगदी लहान निघाली. वर्षअखेर दर 100 उत्पन्नामागे आमचे साधारण 9 वाचायला लागले. त्यात विजेचा वाटा 1. स्वयंपाकघराचा साडेतीन, बाहेरून खायला मागवणं कमी केलं त्याचे 2, आपोआप कटणाऱ्या रकमांचा दीड, फोनवरून होणाऱ्या खरेदीचा 1. पैशाकडे पाहून सुरुवात केली असती तर वीज शेवटच्या क्रमांकावर असती. पण आम्ही तिथून सुरू केलं म्हणूनच पुढे गेलो असं मला ठामपणे वाटतं. वीज ही एकच गोष्ट अशी होती जिथे रात्री केलेल्या कृतीचं उत्तर सकाळी मिळत होतं. त्या रोजच्या उत्तराने घराला सवय लावली की इथे काही केलं तर काही होतं. मग अवघड ठिकाणी हात घालायची हिंमत आली.

## रिकामे 19 दिवस

पाचव्या महिन्यात कागद बंद पडला. मुलाला ताप आला, मग मला, मग पाहुणे. कागदावर 19 दिवस एकही आकडा नाही. मला वाटलं, झालं, चौथा प्रयत्नही गेला. जुनी सवय डोकं वर काढायला लागली आणि सगळ्यांना बसवून दोन शब्द सुनवावेत असं मनात आलं.

मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पेन नाहीये ना.”

खरंच नव्हतं. आजारपणाच्या धांदलीत औषधांच्या वेळा लिहायला कोणीतरी दोरीचं पेन सोडून नेलं होतं. रात्री 11 वाजता, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी पेन शोधायला कोणी जात नव्हतं. मी नवीन पेन बांधलं आणि त्याच रात्रीपासून आकडे परत सुरू झाले. इच्छा कोणाचीच संपली नव्हती. रोजच्या प्रेरणेबद्दल बोलताना आपण मनाचा फार विचार करतो आणि पेनाचा करत नाही.

त्यानंतर मी घरभर तसंच पाहायला लागले. एक्स्टेंशन बोर्ड सोफ्यामागे होता, वाकून बंद करावा लागायचा, तो उचलून हाताच्या उंचीवर लावला. तारीख लिहायची चिकटपट्टी खणात होती, ती फ्रीजच्या दारावर आणली. गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, पण दाराआड जायचं. तिथे लाल कागदाचा तुकडा चिकटवला, दार लोटलं की तो दिसतो.

## वर्षानंतर

12 महिन्यांचा वापर आधीच्या 12 महिन्यांशी ताडून पाहिला. महिन्याशी महिना ताडला तर ऋतूंचा फरक पडतो, म्हणून पूर्ण वर्ष घेतलं. रोजची सरासरी 9.4 युनिटवरून 7.7 वर आली, 18 टक्के घट. डार्बी यांच्या आकड्यांपेक्षा ही थोडी जास्त आहे, पण आमच्याकडे गरम पाण्याचा गळका नळ होता. ज्या घराचे नळ धड आहेत त्यांनी एवढी अपेक्षा ठेवू नये.

कार्डाचं देणं पाचव्या महिन्याअखेर फिटलं. त्यानंतर ‘मशीन’ खात्यात पाऊण महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम जमली आहे. तज्ज्ञ तीन ते सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवायला सांगतात, त्याच्या मानाने ही फार थोडी. पण 25 तारखेला कोरडं पडणारं खातं आता पडत नाही, आणि फ्रीज मधूनच खरखर करायला लागला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला नाही.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. रात्री उशिरा अंथरुणात पडून फोनवर होणारी खरेदी थोडी कमी झाली, पण सुटलेली नाही, आणि ती माझी आहे. वस्तू टोपलीत टाकून 24 तास थांबायचं असं ठरवलं आहे. दहापैकी सहा वेळा दुसऱ्या दिवशी ती नकोशी वाटते, बाकीच्या चार वेळा मी थांबतच नाही. याचं रोजचं उत्तर देणारा कागद मला अजून सापडलेला नाही. वहीत लिहिते, पण तोवर वस्तू निघालेली असते. दिव्यांचंही एक आहे. सगळे एलईडी झाले, आणि कमी खातात म्हणून जास्त वेळ जळायला लागले. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाबद्दल हेच म्हटलं होतं, की यंत्र काटकसरी झालं की कोळसा कमी नव्हे तर जास्त खपतो. यावर आम्ही अजून काही केलेलं नाही.

पुढच्या वर्षी मुलगी शिकायला बाहेर जाईल. आकडा तिने सुरू केला, गणितंही तिचीच. ती गेल्यावर कोण लिहील याची मला मनातून काळजी होती. परवा दाराजवळ आले तर पेनाची दोरी जागेवर नव्हती. कोणीतरी खिळा काढून खाली ठोकला होता, हातभर खाली, नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. कागदावर त्याच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 0.31.